एक काना कमी

एका माणसाचं नाव मी घालवलं. त्यासाठी मला खोटं बोलावं लागलं नाही की कारस्थान करावं लागलं नाही. एक शब्द चुकीचा बोललो आणि तो दुरुस्त केला नाही. शब्द कुणाचाही चुकतो. पण तो चुकलाय हे समोरच्यांना हसू फुटलं त्याच क्षणी मला कळलं होतं. तरी मी गप्प बसलो, वर त्यांच्याबरोबर हसलोही. याला चूक म्हणत नाहीत, हलकटपणा म्हणतात. हे एक वाक्य लिहायला मला कितीतरी हिवाळे लागले.

आज सकाळी खिडकी उघडली तर समोरचं घर जागेवर नव्हतं. पौषात बनारसला असं होतं. धुकं गंगेवरून पायऱ्या चढून वर येतं, गल्लीत शिरतं आणि मग दोन-दोन दिवस सूर्य म्हणजे भिंतीवर पुसलेलं चुन्याचं बोट. इथली माणसं या मोसमावर जीव टाकतात. दवात ठेवलेल्या दुधाचा पिवळा फेस, ज्याला मलइयो म्हणतात, तो मातीच्या वाटीत घेऊन उभ्याउभ्या खातात. तोंडात घातला की नाहीसा होतो. एके काळी मलाही तो आवडायचा. आता धुकं पडलं की मला एक शिट्टी ऐकू येते. रेफरीची नव्हे, छातीतली. बारीक, लांबत जाणारी, बंद दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी.

ती शिट्टी रामोनच्या छातीतली.

मी कोल्हापूरचा. बँकेच्या नोकरीत बदली होऊन इथे आलो आणि राहिलो. कोल्हापुरात पंचगंगा नदी, इथे पंचगंगा घाट, घर त्या घाटाच्या वरच्या गल्लीत मिळालं तेव्हा बायको म्हणाली, "बघा, नदी आपल्या मागंमागं आली." नदी आली, पण फुटबॉल नाही आला. आमच्याकडे पेठेपेठेत तालमीचे संघ असतात, मॅचच्या दिवशी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मी आमच्या तालमीचा गोलकीपर होतो. बरा होतो, थोर नव्हतो. त्यामुळे रामनगरच्या मैदानावर एका साडीवाल्या सेठजींनी फुटबॉलचा संघ काढलाय हे कळलं, तेव्हा मी स्वतःहून त्यांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, मला काहीही काम द्या. त्यांनी मला सेक्रेटरी केलं. म्हणजे इंग्रजीत पत्रं लिहायची, आणि दर रविवारी मॅच झाली की त्यांच्या गद्दीवर बसून सगळ्यांच्या थट्टेचा विषय व्हायचं.

गद्दी म्हणजे दुकानातली पांढरी चादर अंथरलेली बैठक. चपला बाहेर, लोड पाठीशी, मध्ये पानाचा डबा. तिथे सेठजी, त्यांचे जुने दोस्त मिसिरजी, जे शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, आणि चार-सहा येणारे-जाणारे. हिंदी मी तोवर आठेक वर्षं बोलत होतो, पण ती माझी हिंदी होती. एकदा आमच्या सेंटर हाफने समोरच्याला मुद्दाम लाथ घातली, तेव्हा मी रागाने म्हणालो, "सेठजी, इसको शिक्षा मिलनी चाहिए." मिसिरजी लोडावर लोळायला लागले. "हाँ हाँ, साहब, कल्हिए नाम लिखवा देते हैं इस्कूल में!" आपली शिक्षा ती त्यांची सजा, त्यांची शिक्षा म्हणजे शिक्षण. मला ठाऊक होतं, पण रागात माणूस आईच्या भाषेतच घसरतो. पुढे कित्येक महिने मी दारात दिसलो की कुणीतरी ओरडायचं, "आइए मराठा साहब, शिक्षा लीजिए!" मी हसायचो. आतून जळायचो. माणूस पन्नाशीला आला, बँकेत लोक त्याच्यापुढे उभे राहून बोलतात, आणि इथे त्याच्या तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द हे लोक चिमटीत धरून उन्हात बघतात.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब नाहीच. पण मला त्या गद्दीवर एकदा, फक्त एकदा, त्यांच्यातला एक व्हायचं होतं. किती क्षुल्लक हौस! आणि किती महाग पडली, तीही दुसऱ्या कुणाला.

रामोन त्या हिवाळ्यात आला. सदतीस-अडतीसचा, डाव्या पायाचा, केस मागे विरळ झालेले. सेठजींनी त्याला खेळाडू आणि कोच अशा दुहेरी कामाला एका मोसमासाठी आणला होता. शहरात लागलेल्या फलकावर त्याच्या चेहऱ्यापेक्षा स्पेनचा झेंडा मोठा होता. लोकांनी दोन दिवसांत त्याचं रामन केलं, मग रामनभइया. त्याला फार आवडलं. आम्ही दोघं मोडक्या इंग्रजीत बोलायचो. त्याची इंग्रजी माझ्या हिंदीसारखी होती, म्हणून आमचं जमलं. रोज सकाळी तो माझ्या स्कूटरवर मागे बसायचा आणि आम्ही पुलावरून रामनगरला जायचो. खाली नदी आहे हे फक्त गार वाऱ्यावरून कळायचं.

त्या पुलावर, माझ्या पाठीमागून, त्याने मला त्याचं आयुष्य सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी, कारण मध्ये ट्रक यायचे.

उत्तर स्पेनमध्ये डोंगरातलं गाव, खाली कोळशाच्या खाणी. बाप खाणीत. घरात बापाचा खोकला हेच घड्याळ. पोरगा पायाने हुशार निघाला, बाराव्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या क्लबच्या अकादमीने उचलला. तिथे त्याच्याच खोलीत एक दुसरा मुलगा होता. एका दुपारी पळताना त्या मुलाला धाप लागली, डॉक्टरने छातीला नळी लावली आणि संध्याकाळी त्याची बॅग दारात होती. रामोनला पावसाळी हवेत तसंच व्हायचं. त्या संध्याकाळी तो लपवायला शिकला. श्वासाच्या औषधाचा पंप मोज्यात, नडगीच्या पट्टीखाली. मॅचआधी संडासात जाऊन दोन दाबे. कडी लावून, नळ सोडून, म्हणजे आवाज ऐकू जाऊ नये.

आणि मग तसंच, वर्षानुवर्षं. तिसऱ्या श्रेणीत, दुसऱ्या श्रेणीत. एक मोसम, एकच, पहिल्या श्रेणीत. मी विचारलं, "गोल?" तो म्हणाला, "एक. तोही त्यांच्या बॅकच्या ढुंगणाला लागून आत गेला." मग गुडघा. मग ग्रीस, मग सायप्रस, मग कुठल्याशा एजंटने सांगितलं की भारतात स्पेनच्या माणसांना मागणी आहे. मागणी! जनावरांच्या बाजारातला शब्द. पूर्वेकडच्या एका संघात दोन मोसम, मग तिथेही नवीन मालक, त्यांना दुसऱ्या देशाचे पासपोर्ट हवे. आपण टीव्हीवर ज्यांना बघतो ते दहा-पंधरा जण. त्यांच्या खाली असे हजारो, ज्यांचे गुडघे हा खेळ उसासारखे पिळतो आणि चिपाड रस्त्यावर टाकतो. आपण रसाची चव सांगत बसतो. मीही तेच केलं. वर्षानुवर्षं सकाळी चहा पीत पुनःप्रक्षेपण बघत मी ‘हा संपला, तो म्हातारा झाला’ असे शेरे मारले. मला काय माहीत होतं नळ सोडून संडासात उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल!

बापाच्या छातीबद्दल मात्र मला माहीत होतं. माझ्या आबांना दमा होता. पण आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. आई म्हणायची, "ह्यांना जरा दम लागतो." पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनाही हेच: जरा दम लागतो. त्यातलं ‘जरा’ फार महत्त्वाचं. दमा म्हटलं की रोग झाला, मुलांची लग्नं अडली. दम लागतो म्हटलं की जिना उंच आहे. आम्ही असे गोड बोलणारे लोक.

तो रविवार. समोर पलीकडच्या जिल्ह्याचा संघ. धुकं इतकं की गोलकीपरला मधली रेघ दिसत नव्हती, पण लोक जमले होते, सेठजींना मॅच हवीच होती. पहिल्या अर्ध्यातच रामोन डावीकडून पळत आला, बॉल सोडला आणि चालायला लागला. मग थांबला. मग गवतावर बसला, दोन्ही हात मागे टेकून, तोंड वर करून. मी धावत गेलो. त्याचे ओठ निळसर झाले होते आणि तो एकच शब्द म्हणत होता. "आईरे... आईरे..."

मी गुडघ्यावर बसलो आणि मला रडू आलं. मला वाटलं, हा आईला हाका मारतोय. नंतर त्यानेच सांगितलं की स्पॅनिशमध्ये हवेला आईरे म्हणतात. तो हवा मागत होता. मी त्याच्या मोज्यातून पंप काढून हातात दिला. तो उठला, मैदानाच्या भिंतीमागे गेला, परत आला तेव्हा चेहऱ्यावर रंग होता. सगळ्यांनी पाहिलं की तो भिंतीमागे जाऊन काहीतरी ओढून आला आणि ताजातवाना झाला.

परतताना पुलावर तो मला म्हणाला, "आज सांगू या त्यांना. आता पुष्कळ झालं लपवणं. हल्ली कोण लपवतं? मोठेमोठे खेळाडू उघड पंप घेतात, मीच एक मूर्ख राहिलो. तू सांग. सकाळची प्रॅक्टिस दुपारी ठेवा म्हणावं. एवढंच."

म्हणजे ज्या गोष्टीची त्याने अख्खी कारकीर्द राखण केली ती त्याने माझ्या जिभेवर ठेवली. माझ्या!

गद्दीवर गर्दी होती. मलइयोच्या वाट्या फिरत होत्या. रामोन माझ्या शेजारी मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. सेठजींनी विचारलं, "का हो मराठा साहब, ई आपके स्पेन वाले को हो का गया था? बीच मैदान बइठ गए?"

मी म्हणालो, "कुछ नहीं सेठजी. ठंड में इनको जरा दम लगता है. पीछे जाके दो बार खींच लेते हैं, फिर एकदम ठीक."

हे वाक्य मराठीत आणून बघा, एक अक्षर चुकीचं नाही. पण बनारसमध्ये दम लागत नाही, दम लावतात. चिलमीचा. थंडीत याला दम लागतो, मागे जाऊन दोनदा ओढतो, मग एकदम ठीक. दमा म्हणालो असतो तर संपलं असतं. हिंदीतही दमाच म्हणतात, तोच शब्द, तोच रोग. एक काना कमी पडला. आणि तो काना आईने खाल्ला होता, मी खाल्ला होता, आमच्या सगळ्या गोडबोल्या घराने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला होता.

मिसिरजींनी मांडीवर थाप मारली. "अरे त पहिले बताते! बनारस आ के दम न लगाया त का लगाया!" सगळी गद्दी खदखदून हसली. मला त्याच क्षणी कळलं. माझं तोंड उघडलंही होतं. ‘नहीं नहीं, दमा’ एवढंच म्हणायचं होतं. फार तर हसले असते, की साहेबांची हिंदी पुन्हा गेली शाळेत.

तेवढ्यात सेठजींनी माझ्या पाठीवर हात मारला आणि म्हणाले, "साहब आज पहली बार बनारसी बोले हैं!"

आणि मी तोंड मिटलं. मग हसलो.

रामोनने माझ्या बाहीला हात लावला. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"हसतायत. म्हणजे काही अडचण नाही ना?"

"नाही."

तो इतका हलका झाला! त्याने गद्दीवरच्या प्रत्येकाकडे बघून हात जोडले, आणि तोही त्यांच्याबरोबर हसायला लागला. त्याच्या हसण्यात अजून बारीक शिट्टी होती.

या शहराचा मला राग येतो. इथे कुठल्याही गोष्टीची मौज करायची, मरणाचीही करायची, आणि तिला मोठेपणा म्हणायचं. आपल्या माणसाने चिलीम ओढली तर तो मस्तमौला. बाहेरच्याने न ओढता ओढली तर तो गंजेडी. आठवड्यात ती गोष्ट चहाच्या टपऱ्यांवर पोचली. दशाश्वमेधवरून तो चालला की बाकावरची पोरं चिलीम ओढताना ठोकतात ती आरोळी ठोकायची, "बम बम, रामनभइया!" तो हात उंचावून उत्तर द्यायचा, बम बम! एकदा मला म्हणाला, "शंकराचं नाव घेतात ना? मला आपला मानतात हे लोक." मी म्हणालो, "हो." तेव्हा त्याचा हात अजून वरच होता.

बायको त्याच्यासाठी आल्याचा काढा करायची, थर्मासात भरून माझ्याबरोबर द्यायची. एका सकाळी तिने दूधवाल्याकडून ऐकलं. पातेलं तसंच हातात धरून आत आली. "अहो, हे काय बोलतायत लोक? रामनभावजी गांजा ओढतात म्हणं. खरं का?"

मी पेपर वाचत होतो. "म्हणतात लोक," मी म्हणालो.

"लोक म्हणतात ते मी ऐकलंय. तुम्ही रोज बरोबर असता. तुम्ही काय म्हणता?"

मी पान उलटलं. ती पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशीही तिने थर्मास भरून दिला. ती आजवर त्यावर एक शब्द बोललेली नाही, आणि मला त्याचाही राग येतो. ओरडायला हवं होतं तिने. मला कुणीतरी ओरडायला हवं होतं.

शेवट असा झाला. डोंगरातल्या एका मोठ्या शाळेला फुटबॉलचा कोच हवा होता. राहायला घर, कोरडी हवा, मुलं. रामोनने अर्ज केला आणि मला म्हणाला, "हे मिळालं तर मी परत जाणारच नाही." शाळेतून फोन आला तो गद्दीवर, सेठजींना. मी समोर बसलो होतो. सेठजी माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "खेल त बहुत बढ़िया है. मेहनती हैं. बाकी..." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, "...शौकीन आदमी हैं तनी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सेठजी हसले. "अरे बनारस में सब चलता है. बच्चों के बीच का त आप जानिए."

सेठजींवर मी पुष्कळ दिवस चिडून होतो. त्या शाळेवर चिडलो, मिसिरजींवर, टपऱ्यांवर. राग वाटून टाकला की आपल्या वाट्याला कमी येतो असं वाटतं. पण सेठजींनी त्या दिवशी केलं काय? मी जे त्यांच्या हातात दिलं तेच त्यांनी पुढे दिलं. आणि फोन चालू असताना मी तिथेच होतो, हाताच्या अंतरावर, तोंडात पान.

रामोनला कळवलं गेलं की जागा भरली. मोसम संपला, सेठजींनी शाल घातली, स्टेशनवर पोरांनी बम बम केलं. तो गावी गेला. खाणी बंद झाल्या होत्या, बाप गेला होता. तो एका गोदामात काम करायला लागला आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना फुकट शिकवायला. दर नव्या वर्षाला मला त्या मुलांचा फोटो पाठवतो. ओल्या मैदानावर रांगेत उभी लाल नाकाची पोरं, आणि कडेला हा, गळ्यात दोरीने पंप लटकवलेला. उघडा. सगळ्यांना दिसेल असा. मी दर वर्षी अंगठ्याचं चित्र पाठवतो.

या वर्षी फोटोखाली मजकूर होता. भारतात, दक्षिणेकडे, मुलांची एक अकादमी निघतेय, त्यांनी त्याला विचारलंय. सगळं ठरत आलंय. ‘फक्त आधीच्या क्लबकडे चौकशी करणार म्हणतात. मी तुमच्या सेठजींचा नंबर दिलाय. त्यांना माझा नमस्कार सांग. बम बम!’

मी तो मजकूर बँकेत वाचला. समोर माणूस उभा होता, त्याला काय हवं होतं ते मला आजही आठवत नाही.

पुन्हा तोच फोन, त्याच गद्दीवर, आणि सेठजी पुन्हा तोच डोळा मिचकावणार. कारण आता ती गोष्ट गद्दीच्या ठेवणीतली झाली आहे. नवा माणूस आला की मिसिरजी सांगतात: एक हमारे स्पेन वाले रामनभइया थे.

मी रामोनला फोन केला आणि सगळं सांगितलं. दम, दमा, पाठीवरची थाप, बम बम, शाळा. इंग्रजी तर इंग्रजी, जशी आली तशी. म्हणालो, मला माफ कर. पलीकडून ती शिट्टी, बारीक. मला वाटलं फोन ठेवेल.

तो म्हणाला, "मी हात वर करायचो."

"हो."

"आणि तू म्हणालास, हो, देवाचं नाव घेतात."

"हो."

मग तो चिडला. त्याला चिडलेला मी कधी ऐकला नव्हता. स्पॅनिशमध्ये काय काय बोलला ते समजलं नाही आणि समजलं. शेवटी धाप लागली म्हणून थांबला, पंपाचे दोन दाबे ऐकू आले, नळ सोडलेला नव्हता. आणि म्हणाला, "हे मला कशाला सांगतोस? मी ओढत नव्हतो हे मला माहीत आहे. ज्यांना सांगितलंस त्यांना सांग. ज्या भाषेत सांगितलंस त्या भाषेत."

फोन बंद.

संक्रांत होती. इथे खिचडी म्हणतात; धुक्यात न दिसणारे पतंग आणि त्यांच्या नुसत्या आरोळ्या. बायकोने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोला." मी तो ताटात परत ठेवला. म्हणालो, "आज नको. आयुष्यभर गोडच बोललोय." तिने माझ्याकडे बघितलं, मग थर्मास काढला आणि काढा भरून माझ्या हातात दिला. इतक्या हिवाळ्यांनंतर.

गद्दी भरलेली होती. चिवड्यासारखा चूडा-मटर, पान, शेकोटीची शेगडी. "आइए, आइए साहब!" मी बसलो नाही. गद्दीवर उभ्याने बोलत नाहीत, त्यामुळे सगळे वर बघायला लागले. मी फोन लावला. रामोनने उचलला. मी म्हणालो, "ऐक," आणि फोन पालथा न ठेवता हातात तसाच धरला.

"सेठजी, कई साल पहले यहीं बैठ के मैंने रामोन के बारे में एक बात बोली थी. मैंने कहा था, इनको दम लगता है. वो गलत था. उनको दमा है. बीमारी. बचपन से. वो दीवार के पीछे दवा खींचने जाते थे. चिलम उन्होंने कभी हाथ में नहीं ली. आप लोग हँसे, तब मैं समझ गया था कि आपने क्या समझा. फिर भी मैं चुप रहा, क्योंकि आपने कहा साहब बनारसी बोले हैं. मुझे अच्छा लगा. मेरी चूक की शिक्षा उनको मिली."

पुन्हा तोच शब्द. तोंडातून गेला.

मग मिसिरजींच्या घशात काहीतरी अडकलं, त्यांनी ओठ दाबले, आणि फुटले. "शिक्षा नहीं साहब... सजा! सजा!" आणि त्यांच्यामागून एकेक करत अख्खी गद्दी.

सेठजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "बइठ जाइए साहब. पुरानी बात है. छोड़िए न."

"नहीं छोड़ूँगा," मी म्हणालो. "सजा. ठीक है, सजा. अब सुनिए. एक अकादमी से आपको फोन आएगा. आप उनको बोलिएगा, दमा. द, मा. और जिसको-जिसको आपने वो किस्सा सुनाया है, उसको भी. मिसिरजी, आप भी. मैं आपसे हाथ जोड़ के माफी माँगता हूँ कि मैंने आपको झूठ खिलाया. अब आप उसको और मत परोसिए."

हसू हळूहळू विझत होतं, पण मागच्या कोपऱ्यात कुणीतरी अजून ‘शिक्षा, शिक्षा’ म्हणत खिंकाळत होतं. ते फोनमध्ये गेलं असणार. हातातून बारीक आवाज आला. मी फोन कानाला लावला.

"का हसतायत ते?" रामोनने विचारलं. आवाज कोरडा होता. "पुन्हा का हसतायत?"

"मला," मी म्हणालो. "माझ्या हिंदीला. त्या दिवशीच हसायला हवे होते, मी हसू दिलं नाही, तुला पुढे केलं. रामोन, मला माफ कर."